चाळिशीनंतर बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की वय ४३, चार वर्षं स्पर्धा खेळताय, रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, १४५० च्या आसपास अडकलंय आणि शाळकरी पोरांकडून हरून आलं की खेळ सोडावासा वाटतो. मी नागपूरचा, वय ४९, नोकरी सांभाळून खेळतो. माझं उत्तर: सोडू नका.

रेटिंगचं आधी सांगतो. समोरचा रेटिंगमध्ये ४०० ने वरचा असेल तर दहा डावांत मिळून साधारण एक गुण पदरात पडणं अपेक्षित असतं. त्यात मुलं भराभर सुधारतात, त्यांचा आकडा मागाहून वाढतो. शिवाय मार्च २०२४ मध्ये फिडेने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने, किमान रेटिंग १००० वरून १४०० वर नेलं. त्यामुळे तुमचा जुना आणि आताचा आकडा शेजारी ठेवून फार काही कळणार नाही.

मला कळलं ते एका हरलेल्या डावातून. मे महिना, हॉलमध्ये चारी बाजूंनी कूलर, वाऱ्याने उडू नये म्हणून चाली लिहायच्या कागदावर पाण्याची बाटली ठेवलेली. समोर अकरा-बारा वर्षांचा मुलगा. त्याच्याकडे हत्ती आणि मधलं एक प्यादं, माझ्याकडे नुसता हत्ती. माझा राजा प्याद्याच्या वाटेत उभा, हत्ती माझ्या बाजूने तिसऱ्या ओळीत. ही फिलिडोरची स्थिती, नीट खेळलं तर बरोबरी. हत्ती हलवायचा होता, पण बोट राजाला लागलं. पोरगं हळूच म्हणालं, "काका, राजाला हात लागला." हात लागला की तेच मोहरं चालवावं लागतं. मी राजा चालवला आणि मनातून डाव सोडून दिला. प्यादं पुढे सरकल्यावर हत्ती थेट पलीकडच्या टोकाला नेऊन मागून शह देत राहायचं असतं. मी तो घाबरून राजाजवळ ओढून घेतला. हरलो.

बाहेर व्हरांड्यात त्याने पट मांडला. "राजा चालवल्यावरही बरोबरीच होती काका. पुढची चाल चुकली." इतकं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. नोकरीतही एखादी चूक झाली की पुढची दोन कामं मी त्याच धसक्यात बिघडवतो, हे त्या दिवशी घरी येताना मेट्रोत उमगलं.

तेव्हापासून ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचे, व्हिडिओ बंद केले. रात्री जेवणं झाली की अर्धा तास हत्तीचे शेवटचे डाव, आणि हरलेला प्रत्येक डाव वहीत, चूक कुठे झाली त्या चालीसकट. तुम्हीही एवढं करून बघा.

आणखी एक. २८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बातुमीत आमच्या नागपूरची दिव्या देशमुख बरोबरीनंतरच्या टायब्रेकमध्ये कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकली, ग्रँडमास्टरही झाली. मी ऑफिसच्या जिन्यात मोबाईलवर तो डाव बघत होतो आणि तळहाताला घाम फुटला होता. घड्याळ संपत आलं की हाताचं काय होतं, ते खेळल्याशिवाय कळत नाही. स्पर्धा खेळलो नसतो तर माझ्यासाठी ती पेपरातली एक बातमी असती.

गेल्या दिवाळीनंतरच्या स्पर्धेत तीच स्थिती पुन्हा आली. समोर कॉलेजातला मुलगा, माझ्या घड्याळात चार मिनिटं. प्यादं सरकलं, मी हत्ती पार टोकाला नेला आणि शह देत राहिलो. ८३ व्या चालीला त्याने बरोबरीसाठी हात पुढे केला.