पाचव्या वर्षी मिळणारे चौदा लाख

प्रश्न : आम्ही उभयता कर्वेनगरला राहतो, वये 47 आणि 45. येत्या डिसेंबरात लग्नाला 25 वर्षे होतील. परदेशाऐवजी आपलाच राजस्थान, पण थाटात पाहायचा आहे : पॅलेस ऑन व्हील्स या आलिशान रेल्वेगाडीत सात रात्री, मग उदयपूरच्या तलावातील महालात दोन (भाडे रात्रीला 70 हजार). एकूण खर्च 12 लाख. बँकेतून घेतलेल्या वार्षिक 2 लाखांच्या योजनेचे चार हप्ते भरले असून पाचव्यानंतर 14 लाख मिळतील. तोवर 9 लाखांची मुदत ठेव मोडावी, की वैयक्तिक कर्ज काढावे? महिन्याचा खर्च गृहकर्जाच्या हप्त्यासह 1 लाख आहे. योजनेच्या पहिल्या पानाचा फोटो जोडला आहे.

उत्तर : ठेव की कर्ज हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू, कारण ज्या 14 लाखांवर तो उभा आहे ते मिळणारच नाहीत. तुम्ही पाठवलेल्या पानावर हप्ते भरण्याची मुदत 12 वर्षे, पॉलिसीची मुदत 20 वर्षे आणि शेवटी मिळणारी हमीची रक्कम 50 लाख असे स्वच्छ छापलेले आहे. ही आयुर्विम्याची पॉलिसी आहे. ‘एफडीसारखीच’ म्हणून ती गळ्यात मारणाऱ्याने पाच वर्षांचा हिशेब कुठून काढला, हे त्यालाच ठाऊक. दरसाल 2 लाख भरून पाच वर्षांत 14 लाख व्हायचे तर व्याजदर 11 टक्क्यांच्या वर जातो, आणि असा दर हमीने कोणी देत असेल तर बँक स्वतः ठेवींवर त्याच्या जवळपासही का फिरकत नाही, एवढी शंका तरी तेव्हा यायला हवी होती.

आता जे आहे ते पाहू. आज पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच बंद करून पैसे परत घेतले, तर भरलेल्या 8 लाखांपैकी साधारण निम्मे, म्हणजे 4 लाख हाती येतील. पहिल्या हप्त्यापासून मोजला तर 50 लाखांचा परतावा जेमतेम 5 टक्के पडतो. मात्र आजपासून मोजला, म्हणजे सरेंडर न केल्याने सोडून दिलेले 4 लाख आणि पुढचे आठ हप्ते एवढीच गुंतवणूक धरली, तर तो 7 टक्क्यांच्या आसपास येतो. नुकसान व्हायचे ते होऊन गेले असल्याने रागाच्या भरात सरेंडर करू नका. आठ वर्षे 2 लाख बिनघोर भरता येणार असतील तर चालू ठेवा. नसतील तर हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप करण्याचा, म्हणजे ती कमी रकमेवर मुदतीपर्यंत चालू ठेवण्याचा, पर्यायही विचारा. फसवणुकीचा लेखी पुरावा, अगदी व्हॉट्सॲपवरचा संदेशही, असेल तर आधी विमा कंपनीकडे तक्रार करा आणि महिनाभरात उत्तर आले नाही तर विमा लोकपालांकडे जा. त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे.

राहिली सहल. व्हिसा नाही, परकीय चलन नाही आणि सरबराई जगात कुठेही उणी ठरणार नाही अशी, हे देशातल्या ऐषारामी प्रवासाचे आकर्षण मला मान्य आहे. पण ‘परदेशी गेलो नाही म्हणजे पैसे वाचले’ हा त्यातला चकवा आहे. नऊ रात्रींचे 12 लाख म्हणजे रात्रीला सव्वा लाखाहून अधिक. तुमच्या ठेवीतले सहा महिन्यांच्या खर्चाचे 6 लाख हलवायचे नाहीत, आणि सहलीसाठी वैयक्तिक कर्ज मुळीच नाही. उरले 3 लाख, तेही पाचवा हप्ता पगारातून जाणार असेल तर. त्यात गाडी बसत नाही, महाल बसतो : 18 टक्के जीएसटीसह दोन रात्रींचे 1 लाख 65 हजार होतील आणि बाकीच्यात विमान, जेवणखाण व चित्तोडगड. 1746 साली पूर्ण झालेला तो महाल, जगनिवास, पिचोला तलावाच्या पाण्यात उभा आहे, आणि माझ्या मते तुमच्या बेतातला खरा मोलाचा भाग तोच होता. डिसेंबर हा ऐन हंगाम. तारखेचा आग्रह सोडून भर पावसाळ्यानंतर गेलात तर तलाव भरलेला आणि भाडेही बहुधा उतरलेले असेल.

गाडीची आगाऊ रक्कम भरू नका. पाचव्या हप्त्याची तारीख येण्याआधी सरेंडर आणि पेड-अप या दोन्हींचे आकडे कंपनीकडून लेखी मागवून घ्या.