शंका-समाधान : बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या झाडा-प्राण्यांविषयी आलेल्या पत्रांतले चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : 2024 च्या पावसाळ्यात उद्यानात कारवी फुलली, ती पाहायची राहून गेली. आता कधी फुलेल? आणि फुलून गेल्यावर वाळक्या काठ्या तशाच उभ्या असतात, त्या तोडून का टाकत नाहीत? वणवा लागायची भीती नाही का? (कांदिवली)

उत्तर : इथे कारवीच्या झुडपांना 2008, 2016 आणि 2024 असे मोठे बहर आले. म्हणजे इथला फेरा आठ वर्षांचा आहे, पुढचा बहर 2032 साली ऑगस्ट-सप्टेंबरात धरून चाला. तेवढं थांबायचं नसेल तर सह्याद्रीतल्या दुसऱ्या डोंगरांची चौकशी करत राहा. प्रत्येक भागातल्या कारवीचं वर्ष वेगळं असतं. एका डोंगरावर जांभळा-निळा बहर असताना दुसरीकडे नुसती खरखरीत पानं दिसतात. दोन बहरांच्या मधल्या वर्षांतही एखादं चुकार झुडूप फुलतं, पण तो बहर नव्हे.

काठ्यांचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. कारवी जन्मात एकदाच फुलते आणि मरते. तिची बोंडं त्या वाळक्या काठीवरच महिनोन्‌महिने टिकून राहतात. पुढच्या वर्षी पहिल्या पावसाचा ओलावा लागला की ती तडतडत फुटतात आणि बी लांब उडतं. ते पडतं तेव्हा जमीन ओली असते, त्यामुळे लगेच रुजतं. काठ्या उन्हाळ्यातच तोडल्या तर बोंडं कोरड्या जमिनीवर पडणार आणि त्यातलं बरंचसं बी उंदीर-पाखरांच्या पोटात जाणार. एका भागातली सगळी कारवी एकाच वर्षी फुलण्यामागेही हाच हिशेब मानला जातो : खाणाऱ्यांनी कितीही खाल्लं तरी उरावं, एवढं बी एकदम पडतं.

वणव्याची भीती खरी आहे, आणि बहरानंतरच्या उन्हाळ्यात तर सर्वांत जास्त, कारण उतारावरची अख्खी पुढची पिढी तेव्हा काठ्यांवर असते. पण त्यावर उपाय काठ्या तोडणं हा नाही. पावसाळा संपल्यावर जाळरेषा (आग पुढे पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) काढणं आणि जंगलात कुणी विडी-काडी पेटवू नये हे बघणं, हा आहे. कारवी गेली की उतारावरची माती धरून ठेवणारं दुसरं झुडूप इतक्या दाटीनं उगवत नाही.

एक लक्षात असू द्या : मधल्या वर्षांतली जिवंत कारवीही उन्हाळ्यात पानं गाळून काठीसारखी उभी असते. ती मेली असं समजू नये.

प्रश्न : आमच्या सोसायटीची भिंत उद्यानाला लागून आहे. कॅमेऱ्यात दोनदा बिबट्या दिसला. पिंजरा लावून त्याला दूर सोडावं, असा सभासदांचा आग्रह आहे. आम्ही काय करावं? (ठाणे)

उत्तर : पिंजऱ्याची मागणी करू नका. नुसता दिसलेला, कुणाला इजा न केलेला बिबट्या उचलला तर त्याची हद्द रिकामी होते आणि तिथे दुसरा येतो, बहुधा तरुण आणि तुमच्या भागाची माहिती नसलेला. उचलून नेलेला बिबट्याही अनोळखी मुलखात गावांजवळून भटकतो. जुन्नर भागात 2001 पासून बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते ते 17 वर गेले.

बिबट्या तुमच्या भिंतीशी येतो तो मुख्यतः कुत्र्यांसाठी, आणि कुत्री येतात कचऱ्यासाठी. तेव्हा सुरुवात तिथून करा. ओला कचरा रात्री बाहेर ठेवूच नका. झाकणाच्या डब्यात ठेवून सकाळी गाडी आल्यावरच द्या. भिंतीजवळ कुत्र्यांना खायला घालणं बंद करा आणि त्यांच्या नसबंदीसाठी महापालिकेकडे पाठपुरावा करा. सोसायटीच्या आतल्या पायवाटेलगतचं गवत-झुडूप गुडघ्याखाली ठेवा. दिवे लावा, पण दिव्यानं बिबट्या पळतो असं समजू नका. उजेड आपल्याला दिसावं म्हणून असतो. अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडू नका. बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला छोट्या जनावरासारखा वाटू शकतो, म्हणून भिंतीकडेच्या अंधारात ओणवं बसून काम करणं टाळा.

समोर आलाच तर पळू नका, पाठ फिरवू नका. मुलाला उचलून घ्या आणि बिबट्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरा. आवारात अडकला असेल तर त्याची जंगलाकडची वाट मोकळी ठेवा, लोकांना घरात पाठवा आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. बेशुद्धीचं इंजेक्शन लागल्यावरही औषध चढायला काही मिनिटं लागतात, आणि त्याच मिनिटांत मोबाइल घेऊन जमलेली गर्दी जखमी होते.

प्रश्न : पावसाळ्यात खिडकीवर वीतभर रुंदीचा तांबूस पतंग बसला होता. साखरपाणी ठेवलं, पण त्यानं शिवलंही नाही. आजारी होता का? (बोरिवली)

उत्तर : वर्णनावरून तो ॲटलास पतंग. पंखांवरचे तिकोनी पारदर्शक ठिपके आणि पुढच्या पंखांच्या टोकाला सापाच्या तोंडासारखा आकार आठवतो का पाहा. प्रौढ पतंगाचं तोंड कामाचंच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो आठवडा-दीड आठवडा जगतो, तेवढ्यात मीलन आणि अंडी. साखरपाणी ठेवू नका, पंख चिकटतात. रात्री जवळचा दिवा बंद करा. उजेडाभोवती घिरट्या घालण्यात त्याची साठवण संपते. मिशा पिसासारख्या रुंद असतील तर नर, बारीक असतील तर मादी.

प्रश्न : फेब्रुवारी-मार्चमध्ये उद्यानात लाल फुलांची तीन झाडं दिसतात. पळस, पांगारा आणि काटेसावर ओळखायचे कसे? झाडाखाली पडलेलं बी आणलं तर चालेल का? (मुलुंड)

उत्तर : आधी खाली पडलेलं फूल बघा. पाच जाड, मांसल पाकळ्यांचं, मूठभर आकाराचं, अख्खं गळलेलं फूल काटेसावरीचं; हरणं ते आवडीनं खातात. केशरी, पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं फूल पळसाचं. फांदीच्या टोकाला लालभडक घोस असतील आणि सालीवर काटे असतील तर तो पांगारा. काटे काटेसावरीलाही असतात, पण तिच्या बुंध्यावरचे काटे शंकूसारखे आणि बुडाशी जाड. पानं आली की गोंधळच उरत नाही : काटेसावरीच्या एका पानाच्या पाच-सात पर्णिका (पानाचे सुटे भाग) हाताच्या बोटांसारख्या पसरलेल्या, बाकी दोघांच्या तीन-तीन.

बी आणू नका. राष्ट्रीय उद्यानातून पडलेलं पान-फळ नेण्यालाही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे. तिन्ही झाडांची रोपं रोपवाटिकांत मिळतात. आणि जायचं ठरवाल तेव्हा सोमवार वगळा, उद्यान बंद असतं.