पाळीआधीचे ते आठ दिवस: रिपोर्ट बाजूला ठेवा, वही काढा

ताई, तुम्ही लिहिलंय की पाळीच्या आधी आठ दिवस जगणं नकोसं होतं, लेकीवर हात उगारला जातो, पाळी आली की दोन दिवसांत सगळं लख्ख, आणि हॉर्मोन्सचे रिपोर्ट मात्र नॉर्मल. वाचताना पोटात कालवलं. मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. माझंही अगदी हेच होतं.

माझी चूक ऐका. मी दवाखान्यात गेले तीच पाळीच्या सहाव्या दिवशी. डोकं शांत, चेहरा हसरा. काय होतं विचारल्यावर 'चिडचिड होते हो' एवढंच सुचलं. आदल्या आठवड्यात रात्री दोनला बाथरूमचा नळ सोडून रडत बसले होते, ते सांगावंसंही वाटलं नाही. रक्त तपासलं. डॉक्टरबाईंनी कागद पुढे सरकवला, 'बधुं नॉर्मल छे, बेन. मगजमां नहीं लेवानुं.' तो कागद मी तीन वर्षं कपाटात साड्यांखाली ठेवला होता, माझा स्वभावच वाईट असल्याचा दाखला म्हणून! ती तीन वर्षं लेकीच्या वाट्याला कशी आली, ते आठवलं की अजून राग येतो. निदान 'रोज लिहून आणा' एवढं तरी म्हणायचं.

पीएमडीडीत, म्हणजे दर पाळीआधी मन पार कोलमडण्याच्या या आजारात, हॉर्मोन्सची पातळी सहसा ठीकच असते. त्यांचा चढउतार मेंदूला सोसत नाही. म्हणून हा आजार रक्तात दिसत नाही, रोजच्या नोंदीत दिसतो. २०१३च्या डीएसएम-५नुसार, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेनुसार, अकरापैकी किमान पाच लक्षणं लागतात आणि त्यांत एक तरी मनाचं हवं: क्षणात मूड पालटणं, संताप, घोर निराशा किंवा सतत जीव टांगणीला. झोप, भूक, थकवा, अंग फुगणं हे बाकीच्यांत येतं. दोन पाळ्यांची नोंद ठेवा, तीही त्याच रात्री, आठवून नाही. मी कॅलेंडरच्या चौकटीत त्रासाचे शून्य ते पाच आकडे लिहायचे. पाळीनंतरचा आठवडा जवळजवळ कोरा हवा. महिनाभर आकडे असतील तर मूळचं नैराश्य पाळीआधी वाढत असू शकतं, त्याचे उपचार वेगळे.

मी डॉक्टर नाही, पण माझ्या मते अशा वेळी थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्या काहीजणींना फक्त पाळीआधीचे दोन आठवडे देतात आणि यात गुण बरेचदा काही दिवसांतच येतो. मैत्रिणीची चिठ्ठी बघून मात्र घेऊ नका. आणि घरात कुणी 'तारीख आली वाटतं' म्हणून हसत असेल, तर त्याला ते भरलेलं कॅलेंडर दाखवा. आमच्याकडे नवरा तेव्हाच गप्प झाला, आणि पुढच्या महिन्यापासून त्या आठवड्यात लेकीचा अभ्यास तो घेऊ लागला.

'नकोसं' म्हणजे जीव द्यावासा वाटत असेल, तर पाळीची वाट बघू नका. घरात कुणाला तरी लगेच सांगा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, रात्रीही उचलतात, पैसे लागत नाहीत.

आज तुमचा कितवा दिवस आहे? आजचा आकडा आत्ताच लिहून ठेवा.