तिथं जाऊन उभी राहा

चि.,

तुझा मेसेज रात्री वाचला. अहमदाबादला कोसळलेल्या विमानावरून घरात वाद झाला. मामा म्हणे पायलटची चूक, भाऊ म्हणे विमानातच खोट, आणि तू विचारतेस, खरं कुणाचं? अगं, इंधनाचे दोन्ही स्विच सेकंदाच्या अंतरानं 'रन'वरून (चालू) 'कटऑफ'ला (बंद) गेले, एवढी नोंद प्राथमिक अहवालात आहे. का गेले, ते त्यात नाही. मामाला जेवता जेवता कळलं असेल तर धन्य आहे! विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराचं परिशिष्ट १३ त्याला वाचून दाखव. तपास पुढचा अपघात टाळण्यासाठी करायचा, दोष वाटण्यासाठी नाही.

१० जून १९९०. बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच १७,३०० फुटांवर निखळली. कॅप्टन अर्धा बाहेर खेचला गेला. सोबत्यांनी विमान उतरेपर्यंत पाय धरून ठेवले म्हणून वाचला. काच २७ तासांपूर्वीच बदलली होती. ९० पैकी ८४ बोल्ट ०.६६ मिमीनं बारीक! मेंटेनन्सच्या माणसानं जुना बोल्ट धरून नजरेनंच जोड लावली होती.

निष्काळजी, असं लिहून फाइल बंद करता आली असती. तपास करणाऱ्यांनी त्याची अख्खी रात्र पुन्हा उभी केली. बोल्टच्या कप्प्यांपाशी उजेड अपुरा. जवळचं बघायचा चष्मा त्यानं लावलेला नव्हता. उंच प्लॅटफॉर्मवरून वाकून काम करताना बोल्टचं डोकं खड्ड्यात जास्त खोल बसलंय, हे दिसतच नव्हतं. आणि काढलेले जुने बोल्टही बहुतेक चुकीचेच, आखूड. त्यांच्यावरच विमान उडत होतं. हे टेबलाशी बसून सापडत नाही. तिथं जाऊन उभं राहावं लागतं.

मी तसा उभा राहिलो नाही. बेळगावात, उद्यमबागेत एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. एका लॉटचे बोअर, म्हणजे कातलेली भोकं, मापापेक्षा मोठे निघाले. मी ऑफिसातूनच लिहिलं, 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा'. बैलहोंगलकडचा पोरगा होता, दुसऱ्या दिवशी कामावरून गेला. महिन्यानं दुसऱ्याच कामासाठी रात्रपाळीत त्याच्या लेथपाशी, कातकामाच्या यंत्रापाशी, थांबलो. माप बदलल्याची चिठ्ठी यंत्राच्या डोक्यावर, हेडस्टॉकवर चिकटवलेली. मराठीत, माझ्याच अक्षरात. पोराला वाचता यायचं ते कन्नड.

पाट्यांच्या भाषेवरून आपल्याकडं केवढं रामायण होतं! मीही मोर्चात होतो. त्या चिठ्ठीच्या भाषेकडं माझं लक्ष गेलं नाही.

तू म्हणशील, तेव्हाच का नाही गेलात? आठच्या आत रिपोर्ट हवा होता, टिळकवाडीतल्या घराचा हप्ता होता, मालक दारात उभा. सगळं खरं आहे. लेथ ऑफिसपासून चाळीस पावलांवर होतं, हेही खरं. पोराला शोधायला बैलहोंगलला दोनदा गेलो. सापडला नाही. बरं, ते राहू दे.

अपघात-तपासाचा कोर्स कुठं करावा, हे नंतर बघू. तुला त्याचीच घाई आहे, मला नाही. मंगळवारी रात्री दहाला, बाबांना सांगून, उद्यमबागेत ये. ओळखीच्या शॉपमध्ये विचारून ठेवलंय. दोन मापांचे बोल्ट एका डब्यात मिसळून ठेवतो. मोबाइलची टॉर्च लावायची नाही. तिथं असेल तेवढ्या उजेडात, नजरेनं निवडायचे. मग मोजायला व्हर्नियर देतो.

तुझा,
काका