फिरणं आणि साथ: आलेख बघताना कुठे फसतो आपण

तुमचा प्रश्न असा की कोरोनाच्या काळात मोबाइलच्या लोकेशनवरून काढलेल्या फिरण्याच्या आलेखात लोक घरी बसलेले दिसायचे तरी केस वाढतच होत्या, मग फिरण्याचा आणि साथीचा संबंध आहे तरी का. आहे हो, पण किती किलोमीटर फिरलात याच्याशी कमी आणि कुठे थांबलात, किती वेळ, कोणाबरोबर, हवा खेळती होती का याच्याशी जास्त. मी पहाटे एकटा गाडीवर नाशिकजवळच्या गंगापूर धरणापर्यंत जाऊन यायचो, त्यात कोणाला काय लागण होणार? आणि तोच मी पावसात पडदे सोडलेल्या शेअर रिक्षात अंबडच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टला जायचो, अंतर कमी पण धोका तिथे. फोनला हा फरक कळत नाही, त्याच्या लेखी दोन्ही फिरणंच.

२०२१ च्या मार्च अखेरीला आपल्याकडे नाशिकला बाजारात जायला ५ रुपयांची पावती काढली होती आठवतंय? तासभराची मुदत, जास्त थांबलात तर ५०० दंड. लोकांनी टिंगल केली, पण किती वेळ थांबता यावर बोट ठेवलं होतं ते मला पटलं होतं, पाच रुपयांनी कोण थांबतंय हा भाग वेगळा.

दुसरं म्हणजे तेव्हा लागण झाली की लक्षणं यायला साधारण ५-६ दिवस, कधी १४ सुद्धा, मग टेस्ट, मग रिपोर्ट, म्हणजे त्या दिवशीच्या पेपरातला आकडा दीड-दोन आठवड्यांपूर्वीच्या फिरण्याचा असायचा. शिवाय बाहेर बंद झालं तरी एका खोलीत सहा माणसं असली की घरातल्या घरात पसरतच राहतं. आणि उलटंही होतं, केस वाढल्या की लोक घाबरून आपणहून बाहेर पडायचे थांबतात, मग आलेखात वाटतं फिरणं कमी झालं म्हणून केस वाढल्या! दुसऱ्या लाटेत तर विषाणूचा डेल्टा हा नवा प्रकार आला होता, तेवढ्याच भेटीत जास्त जणांना लागण व्हायची, त्यामुळे २०२० ची आणि २०२१ ची तुलना करताना जपून.

गूगलचे ते फिरण्याचे आकडे (मोबिलिटी रिपोर्ट) बघणार असाल तर ते ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० च्या तुलनेत आहेत, आणि लोकेशन हिस्टरी (फोन कुठे कुठे गेला याची नोंद) चालू ठेवलेल्या फोनचेच, म्हणजे साधा फोन वापरणारा द्राक्षबागेतला मजूर त्यात नाहीच. घराचा आकडा दुकानं, कामाची जागा अशा बाकीच्या आकड्यांशेजारी ठेवू नका, बाकीचे किती जण गेले ते सांगतात, हा किती वेळ घरी होते ते, आणि माणूस एरवीही अर्धा दिवस घरीच असतो म्हणून तो फार हलत नाही.