फ्लिंच या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय? 'घाबरणे' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. फ्लिंच म्हणजे अंग चोरणं, दचकून आखडणं. चेंडू तोंडावर आला की मान आपसूक वळते, सुई टोचायच्या आधीच दंड ताठ होतो, ते फ्लिंच. आपल्याला विचारून होत नाही ते.

एवढं ठासून सांगतोय त्याला कारण माझा मामेभाऊ. अकरावीत आम्ही दोघं एनसीसीत होतो. कॅम्पमध्ये पॉइंट २२ रायफलची फायरिंग, पालथं पडून ५ राउंड. माझे पाचही टारगेटच्या खाली. पुढच्या खेपेला उस्तादांनी रायफल स्वतः भरून हातात दिली. ट्रिगर ओढला तर नुसतं टक्! आत रिकामी पुंगळी. पण नळीनं मात्र खाली डुबकी मारली, आणि ती सगळ्यांनी पाहिली. "गोली चली नहीं, तू पहले ही हिल गया," उस्ताद म्हणाले. नेमबाज यालाच फ्लिंच म्हणतात. बार उडायच्या आधीच अंग आखडतं. रीकॉइल वेगळा, तो बंदुकीचा खांद्याला बसणारा धक्का. पॉइंट २२ ला तो नावालाच असतो. मला नडत होते शेजारच्या रायफलींचे आवाज. दोन दिवस रिकाम्या रायफलीचा ट्रिगर ओढत बसलो आणि ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लागणं, सुधारलं. भित्रेपणा असा दोन दिवसांत जातो का?

मामेभाऊ आता इंग्रजीच्या शिकवण्या घेतो आणि मुलांना 'फ्लिंच म्हणजे घाबरणे' असं उतरवून देतो. वर उदाहरणाला मी. तुमच्या वहीतही हाच अर्थ असेल तर खोडा.

वापराचं म्हणाल तर 'ही फ्लिंच्ड ॲट द नॉइज', आवाजानं तो दचकला. 'शी डिडन्ट फ्लिंच', तिची पापणीही लवली नाही. कळ येऊन चेहरा वेडावाकडा झाला तर विन्स. दुसऱ्याची फजिती बघून आपल्यालाच कसंतरी झालं तर क्रिंज, पण तो शब्द हल्ली पोरं कशालाही लावतात.

एक मात्र कबूल. पुढे 'फ्रॉम' आला की अर्थ कचरणं, अंग काढून घेणं असा होतो, आणि त्यात थोडी भीती असू शकते. मामेभाऊ दर लग्नात नेमका हाच 'फ्रॉम' काढतो. पण मी रायफल टाकून पळालो नव्हतो. सगळे राउंड मारूनच उठलो.