चव्वेचाळीस दिवसांची कमाई कुलपात घालायची का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पाच वर्षं जुनी डिझेल पिकअप, चालवता तुम्हीच, कर्जाचे १४ हप्ते बाकी, आणि अजून चार वर्षांनी गाडी बदलायचा बेत. रात्री गाडी उघड्यावर उभी राहते. दोन वर्षांत आधी बॅटरी गेली, मग स्टेपनी, आणि गेल्या महिन्यात मागचा फाळकाच कुणीतरी उचलून नेला. आता सुट्या भागांच्या विक्रेत्याने ‘पूर्ण सुरक्षा पॅकेज’ पुढे केलंय. त्यात ट्रॅकर, गाडी हलली की वाजणारा अलार्म, कॅमेरा, चाकांचे लॉक नट (खास चावीशिवाय न निघणारे) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरखाली, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याखाली, बसवायची लोखंडी प्लेट आहे. तुम्ही टोकन देऊन बसलाय आणि विचारताय, की उरलेल्या रकमेसाठी मुदत ठेव मोडू की हप्ते करू.

दोन्ही करू नका. त्यामागचा हिशेब मात्र नीट बघा, कारण विक्रेता अगदीच खोटं बोलत नाहीये.

तुम्ही पाठवलेल्या रकमा मी दिवसांत फिरवल्या. डिझेल, देखभाल आणि हप्ता जाऊन गाडी रोज जेवढे पैसे तुमच्या हातात ठेवते, तो एक दिवस. धंद्याच्या गाडीचा हिशेब मी नेहमी असाच करतो. रुपयांत मांडला की माणूस पार्टची किंमत बघतो आणि गाडी उभी राहिली ते विसरतो. या मापाने बॅटरीचे चार दिवस आणि बुडालेला एक, म्हणजे पाच. स्टेपनी डिस्कसकट पाच, गाडी थांबली नाही. फाळका नऊ दिवसांचा, आणि तो येईपर्यंत माल भरता येईना म्हणून तीन दिवस गाडी दारात, म्हणजे बारा. एकूण बावीस दिवस, दोन वर्षांत. वर्षाला अकरा.

पॅकेज चव्वेचाळीस दिवसांचं आहे. चार वर्षं गाडी ठेवणार, वर्षाला अकरा वाचणार, बरोब्बर फिटतं. विक्रेत्याने तुम्हाला हाच गुणाकार करून दाखवला असेल तर गुणाकार बरोबर आहे. चूक त्याच्या आधीच्या पायरीत आहे. तुमच्याकडून गेलेल्या तीन वस्तू पुन्हा आठवा आणि पॅकेजची यादी शेजारी ठेवा. बॅटरीला कुलूप त्यात नाही. स्टेपनीला नाही. फाळक्याला नाही. जे चोरीला गेलं त्यातलं काहीच त्या पॅकेजने बांधलं जात नाही. बांधली जातात ती चाकं आणि कन्व्हर्टर, जी अजून जागेवर आहेत. उरलेला भरवसा अलार्म आणि कॅमेऱ्यावर. अलार्म वाजेल, पण गाडी उभी असते तिथून तुमच्या घरापर्यंत तो ऐकू येत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. कॅमेऱ्याबद्दल काय सांगू? माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एका गृहस्थांकडे चोराचे तीन उत्तम व्हिडिओ आहेत. तिन्हींत टोपी स्पष्ट दिसते.

विक्रेत्याने तुम्हाला कन्व्हर्टरची भीती घातलीय, ती थोडी उलगडतो. धूर बाहेर टाकणाऱ्या नळीतल्या या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि पेट्रोल गाडीत रोडियम हे महागडे धातू असतात, म्हणून चोराला तो हवा असतो. पिकअप जमिनीपासून उंच असते. लहान गाडीला जॅक लावावा लागतो, इथे चोर नुसता आडवा सरकतो आणि बॅटरीवर चालणाऱ्या करवतीने काही मिनिटांत नळी दोन्हीकडून कापतो. कापताना सेन्सरच्या वायरी आणि पुढची-मागची नळीही खराब होते, त्यामुळे मालकाचं नुकसान चोराच्या मिळकतीपेक्षा कितीतरी मोठं. म्हणजे धोका खरा आहे. पण तुमची गाडी डिझेलची. डिझेलच्या कन्व्हर्टरमध्ये मुख्यतः प्लॅटिनम आणि पॅलेडियम असतं. सगळ्यात महाग ठरलेलं रोडियम हे पेट्रोल गाड्यांच्या कन्व्हर्टरचं काम. चोर काही रसायनशास्त्र शिकून येत नाही हे मान्य, पण माल घेणारा भंगारवाला कुठल्या गाडीचा डबा किती देतो हे त्याला पाठ असतं.

शिवाय हे सगळं धातूच्या भावावर हलतं. २०२१ च्या मार्च महिन्यात रोडियम सोन्याच्या दहापटीहून महाग झालं होतं, आणि पुढच्या अडीच वर्षांत ते त्या शिखराच्या पाचव्या हिश्शाखाली आलं. भाव चढला की करवती बाहेर निघतात, उतरला की बऱ्याच आत जातात. अशा वरखाली होणाऱ्या धोक्यासाठी उसने पैसे काढून चार वर्षांची तजवीज करणं मला पटत नाही.

तरीही प्लेटचा वेगळा हिशेब करू. प्लेट बारा दिवसांची. कन्व्हर्टर गेला तर तुमच्या अंदाजाने पार्ट तीस दिवसांचा आणि वाट बघण्यात दहा, मिळून चाळीस. म्हणजे चार वर्षांत कन्व्हर्टर जाण्याची शक्यता शंभरात तीसपेक्षा जास्त असेल तरच प्लेट परवडते, आणि तेही प्लेट चोराला शंभर टक्के अडवते असं धरून. ती अडवत नाही, उशीर करते. तुमच्या भागात डिझेल पिकअपचे कन्व्हर्टर त्या प्रमाणात जातायत का? पत्रात तुम्ही एकाही अशा चोरीचा उल्लेख केलेला नाही. तुमच्या ओळखीच्या कुणाचा गेला, किंवा तुमचाच एकदा गेला, तर उत्तर बदलेल. नवा पार्ट बसल्याचं कळलं की तेच चोर पुन्हा येतात, हे या धंद्यात नवं नाही. तेव्हा प्लेट बसवा, आज नको.

आता विम्याकडे येतो, कारण तुमच्या एजंटनेही यात हात घातलाय. तुमची पॉलिसी चोरी धरून आहे, नुसती थर्ड पार्टी नाही, हे चांगलं. पण सुट्या भागांच्या चोरीत ती जवळजवळ निकामी आहे. फाळक्याचंच बघा. पार्ट नऊ दिवसांचा. गाडी जुनी म्हणून घसारा कापला जाणार, तुमच्या पॉलिसीप्रमाणे एक तृतीयांश, म्हणजे तीन गेले. राहिले सहा. आणि दर दाव्यात तुम्ही स्वतः सोसायची रक्कमही सहाच. हातात शून्य. वर दावा केला म्हणून पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या रकमेत मिळणारी सूट, जाणार, तो सात दिवसांचा. फाळक्याचा दावा केला नाही म्हणून तुम्ही स्वतःला दोष देताय. उलट ते शहाणपणाचं झालं. गाडी उभी राहिली त्या तीन दिवसांचे पैसे तर साधी पॉलिसी देतच नाही.

एजंट म्हणतो, वर्षाला पाच दिवस जास्त भरा, म्हणजे दाव्यातला तुमचा हिस्सा शून्य होईल. म्हणजे दाव्यामागे फार तर सहा वाचवायला दरवर्षी पाच द्यायचे. हे फिटायला जवळपास दरवर्षी दावा करावा लागेल, आणि दरवर्षी दावा केलात तर बोनस कधी साठणारच नाही. नको. विमा अख्खी गाडी जाण्यासाठी ठेवा. आणि एवढं तपासा, की गाडीसोबत न जाता एकटा भाग किंवा वरून बसवलेली एखादी वस्तू चोरीला गेली तर पॉलिसी देते का. काही पॉलिसींत असा दावा चालतच नाही.

मग काय घ्यायचं? चाकांचे लॉक नट घ्या, दोन दिवसांचे. दर चाकाला एक पुरतो. त्याची चावी मात्र डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू नका, आणि चावीवरचा क्रमांक घरी लिहून ठेवा, नाहीतर पंक्चर काढायच्या वेळी तुमचीच अडचण. स्टेपनीला साखळी आणि कुलूप, एक दिवस. हौद्याखाली लटकणारी स्टेपनी उतरवायला एक सळई पुरते. बॅटरीला कुलपाची पेटी, दीड दिवस. फाळक्यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय आहे. बऱ्याच पिकअपचा फाळका ठरावीक कोनात तिरका केला की एका बाजूच्या बिजागरीतून सहज वर निघतो, कारण तो तसाच बनवलेला असतो. त्या बिजागरीवर रबरी नळीला लावतात तो स्टीलचा पट्टा आवळून बसवला की तो निघत नाही. चोर तुमच्याकडून फाळका बहुधा काही सेकंदांत घेऊन गेला असेल. आता त्याला अंधारात स्क्रू शोधावा लागेल. खिट्टीला कुलूप धरून अर्धा दिवस. या सगळ्यावर आणि कन्व्हर्टरच्या डब्यावर गाडीचा नंबर कोरून घ्या, ओळखू येणारा माल विकायला त्रासाचा असतो.

हे झाले पाच दिवस. अकराचं वार्षिक नुकसान याने निम्म्यावर आलं तरी वर्षाच्या आत पैसे वसूल.

पॅकेजमधला ट्रॅकर मात्र मी ठेवीन, चार दिवस आणि वर्षाला एक दिवस सेवाशुल्क. तो पार्ट वाचवत नाही. पण १४ हप्ते बाकी असताना अख्खी गाडी गेली, तर विम्याचे पैसे आधी कर्ज देणाऱ्याकडे जातात आणि तुमच्या हातात गाडीही नाही, रोजची कमाईही नाही. ती एकच घटना तुम्हाला खरोखर आडवं करू शकते. ट्रॅकर बसवल्यावर विमा कंपनीला सवलत विचारा, काही देतात. सेवाशुल्क सोडून एकूण झाले नऊ दिवस. योगायोग बघा, पॅकेज हप्त्यांवर घेतलंत तर चव्वेचाळीसचे त्रेपन्न होतात. व्याजाचे तेच नऊ दिवस. नुसत्या व्याजात माझी सगळी यादी येते.

मुदत ठेवीबद्दल थोडं कठोर बोलतो. ती नव्वद दिवसांची आहे आणि तुमच्या घराला दुसरा आधार नाही. कमावणारे एकटे तुम्ही, तेही गाडी चालवून. हात मोडला तर तीन महिने त्यावर जगायचंय. तिला चोराच्या नावाने निम्मी करायची नाही. त्याऐवजी दर महिन्याची एक दिवसाची कमाई वेगळ्या खात्यात टाका. वर्षाचे बारा होतात, तुमच्या सरासरी नुकसानीइतके. काही गेलं तर तिथून भरा, नाही गेलं तर साठू द्या. चाळीसवर पोचलं की थांबा, तेवढ्यात कन्व्हर्टरचाही खर्च निघतो.

कुलूपबंद आवारात गाडी लावायचा पर्याय तुम्ही स्वतःच ‘महाग’ म्हणून सोडलाय. महिन्याला अडीच दिवस म्हणजे वर्षाला तीस, आणि नुकसान अकरा, बरोबर सोडलात. पण पत्राच्या शेवटी एक वाक्य सहज येऊन गेलंय, की सकाळचा पहिला माल ज्यांच्याकडून भरता त्यांचं आवार रात्री बंद असतं आणि तिथे राखणदार झोपतो. तिथे गाडी लावायची विनंती का करत नाही? त्यांची सकाळची गाडी वेळेवर दारात, आणि तुमची रिकामी फेरी वाचली. घरी जायची-यायची सोय लावावी लागेल, तरी तुमच्या संपूर्ण पत्रात मला एवढा फायद्याचा दुसरा रस्ता दिसला नाही. ते जमेपर्यंत निदान गाडी अशी लावा, की फाळका भिंतीला इतका टेकेल की उघडणारच नाही. याला पैसे पडत नाहीत.

तुमच्या आकड्यांत न दिसणारी एक गोष्ट आहे. तुमचं सकाळचं काम ठरलेलं आहे आणि लागोपाठ दोन दिवस चुकलं तर ते दुसऱ्याकडे जाईल, असं तुम्ही म्हणता. म्हणजे उभ्या गाडीचा पहिला दिवस एका दिवसाचा, पण तिसरा कदाचित शंभर दिवसांचा. तेव्हा दुसऱ्या पिकअपवाल्याशी आत्ताच बोलून ठेवा: तुझी बंद पडली तर माझी, माझी पडली तर तुझी, भाडं अमुक. फाळक्याच्या वेळी तीन दिवस भाड्याची गाडी घेतली असतीत तर त्या दिवसांची कमाई कमी झाली असती, पण काम धोक्यात आलं नसतं. वाट बघायला नको म्हणून बिनपावतीचा जुना पार्ट मात्र उचलू नका. तो कुठल्या तरी पिकअपवरूनच आलेला असतो, आणि चौकशी तुमच्यापर्यंत येऊ शकते.

राहिलं टोकन. तीन दिवसांची रक्कम दिलीत आणि विक्रेता परत करत नाही म्हणतो. त्याला सांगा, पॅकेज नको, लॉक नट आणि ट्रॅकर दे, त्यात टोकन वळतं कर. सहा दिवसांचा माल, तीन तुम्ही वर द्याल. बहुतेक ऐकेल, गिऱ्हाईक पूर्ण जाण्यापेक्षा बरं. नाहीच ऐकलं तर ते तीन दिवस फाळक्याच्या खात्यावर लिहा. ते वाचवायला आणखी एक्केचाळीस द्यायचे नाहीत.

आवाराचं काय ठरलं ते कळवा. तिथे लेखी परवानगी मिळाली तर विम्याच्या कागदांत गाडी रात्री उभी राहण्याची जागा बदलून घ्यायची आहे, ते कसं ते मग सांगतो.